परक्या गावची उघाडी

१९६१ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो. जोमामामा बांधावरून डोळे मिटून चालायचा, आणि मी त्याच्या मागून डोळे उघडे ठेवून चालत दोनदा खाडीत पडलो होतो.

जोमामामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ, आमच्या गावचा उघाडीवाला. उलव्याच्या अंगाला खाडीकाठी आमचं गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, मध्ये मातीचा बांध. त्या बांधातलं लाकडी दार म्हणजे उघाडी. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं जास्तीचं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत फळ्या खोबणीत उतरवून मोगरीनं ठोकायच्या. काम एवढंच. पण एक भरती चुकली तर खारं पाणी आत येतं, आणि खारं पाणी प्यालेलं शेत तीन वर्षं उठत नाही. म्हणून मोगरी गावानं एकाच माणसाच्या हातात दिलेली असे. दुसरा कुणी फळीला हात लावत नसे. परक्या गावच्या उघाडीला तर नाहीच नाही. उद्या काही बिनसलं तर नाव कुणाचं येईल?

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. मास्तरांनी चूक नसताना मारलं, मी पाटी त्यांच्या पायाशी ठेवली आणि निघून आलो. कुणाच्या पाया पडायची सवय मला कधीच नव्हती. जे शिकलो ते मामाकडून. शेतातल्या पाण्यात बोट बुडवून तो जिभेवर ठेवायचा आणि सांगायचा, "खेकड्यानं भोक पाडलाय. बांधाच्या वलनाच्या आलीकडं." आम्ही जाऊन बघायचो तर भोक तिथंच.

डोळे मिटून चालण्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "डोला लबाड रे गना. धुक्यान फसतो, पावसान फसतो. पायाला फसवून दाखव."

गावात कुणाला चकवा लागला की मामाला भारी हसू यायचं. चकवा लागला म्हणजे ओळखीच्या वाटेवर माणूस गोल गोल फिरतो, घर समोर असून सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे अंगातली बंडी उलटी घालायची आणि बसल्या जागी थांबायचं. आमचा शेजारी हाशा एकदा पनवेलच्या बाजारातून येताना सगळी दुपार असा फिरला. मामानं सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "चकवा कनच्या माडाचा व्हता? आमी बी उतरवून पितो."

त्याच वर्षी शिमगा झाल्यावर आम्ही दोघं मिठागराकडून परत येत होतो. भर दुपार, ऊन लख्ख. वेशीवरच्या मारुतीजवळ मामा थांबला.

"गना, यो कनचा गाव?"

मी हसलो. वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचं तोंड बघितलं.

"घरा आपल्यासारकीच हायत," तो हळू म्हणाला, "पन कोनी दुसऱ्यानं मांडल्यासारकी. आपली नाय."

मला ओळखत होता. मारुतीला पाणी घालणाऱ्या म्हातारीलाही ओळखलं, वर तिलाच विचारलं, "तू पन हय या गावान आलीस?" माणसं सगळी ठाऊक, जागा मात्र परकी. शेवटी म्हटलं, "मामा, डोळे मिटा."

त्यानं मिटले. पाय चालू लागले ते सरळ त्याच्या ओट्याशी येऊन थांबले. डोळे उघडून म्हणाला, "हां. आला गाव." मग माझा दंड धरला. "कोनाला बोललास तर भाचा नाय तू माजा."

मी बोललो नाही. पण असं चारदा झालं, सहादा झालं, मग गावाला कळायचं ते कळलं. मामीनं वेशीवर नारळ फोडला. भगतानं धागा बांधला. पनवेलचा डॉक्टर वय झालं म्हणाला. लोक म्हणाले, जोमाला कायमचा चकवा लागला. आणि ज्यानं जन्मभर चकव्याची थट्टा केली, तो जोमामामा रोज बंडी उलटी घालून बांधावर जायला लागला. शिवण बाहेर, खिसा आत. कुणी हसलं नाही. हाशासुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी गावकी बसली. हाशा म्हणाला, "जोमाला आता आराम द्या. मोगरी गनाच्या हाती द्या." मी उठलो. म्हटलं, "मामा जिता हाय तवर मी हात लावनार नाय. बांधाला काय झाला तर जाब मना विचारा." माझ्या आडमुठेपणाला गाव ओळखून होतं. मोगरी मामाकडेच राहिली. त्यात मामावरची माया किती आणि माझा ताठा किती, हे मी तेव्हा मोजलं नाही. आज या वयात मोजलं तर ताठा जड भरतो.

१९६३ची पितरांची अवस. भात निसवलेलं, उधाणाचा दिवस, भरती दुपारी बाराला. त्या वेळी बांधावर कुणीच नसतं. घरोघरी पान वाढून माणसं कावळ्याची वाट बघत असतात. मीही बापाचं पान घेऊन अंगणात उभा होतो. सहज शेतांकडे बघितलं तर भाताच्या बुडाशी काहीतरी चमकत होतं. मी पान तिथंच ठेवून पळालो.

उघाडीच्या तोंडातून खाडी गर्जत आत शिरत होती. सकाळच्या ओहोटीला काढलेल्या फळ्या बांधावर नीट रचून ठेवलेल्या. आणि मामा बाजूला हात बांधून उभा.

"मामा, फळी टाका!"

"तू हय काय करतंस रे गना?" त्यानं विचारलं. "बग, काय गाव हाय. उघाडीवर मानूसच नाय. मी मगाशी हाका मारल्या."

"आपली हाय मामा! आपलीच उघाडी!"

"येडा झालास? आपली मना ठाऊक नाय?"

मी ओरडलो, "डोळे मिटा! पाय काय सांगतात बघा!" त्यानं मिटले. दोन पावलं पुढं, दोन मागं. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं. "पाय पन वलखत नाय रे," तो म्हणाला.

मी फळी उचलली तर त्यानं माझं मनगट पकडलं. म्हातारा, पण हात मोगरी धरलेला. "परक्याच्या फलीला हात लावू नको. आपल्यावर नाव येल." मी त्याला ढकललं. होय, ढकललं. तो चिखलात बसला. फळी खोबणीत धरली तर पाण्यानं ती माझ्या हातातून काडीसारखी हिसकावून नेली. दुसरीही नेली. मग आम्ही दोघं बसून बघत राहिलो.

पुढचं आधी सांगून टाकतो. मामा त्यानंतर दोन वर्षं जगला. स्वतःच्या दारात उभा राहून विचारायचा, "कोनी हाय का घरान? मना आमच्या गावाला जायाचा हाय." मामी म्हणायची, "या, बसा. भरती हाय. जेवून घ्या, पानी उतरला का जा." तो पाहुण्यासारखा अंग चोरून जेवायचा, आणि मामीला म्हणायचा, "तू पन हयच अडकलीस का?" दोन वर्षं ते पाणी उतरलंच नाही. आज त्या शेतांवर भराव आहे, बारा-बारा मजल्यांच्या बिल्डिंगी आहेत. माझा नातू गाडी थांबवून म्हणतो, आजोबा, तुमचं शेत इथंच होतं ना? मी हो म्हणतो. खोटं बोलतो; मला ती जागा ओळखू येत नाही.

तर अवसेच्या संध्याकाळच्या ओहोटीला निम्मं पाणी गेलं. सगळ्यांनी मिळून नव्या फळ्या बसवल्या. मग हाशा माझ्यासमोर आला. त्याचं शेत सगळ्यात खाली, सगळंच बुडालं होतं. म्हणाला, "बोलला व्हतास ना, मना विचारा? आता विचारतो." मी म्हणालो, "चकवा लागलेल्या मानसाचा काय दोष? मी कोनाची माफी मागनार नाय." गाव उठून घरोघरी गेलं. मोगरी माझ्या पायाशी तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडता ओहोटी होती. मी मोगरी घेऊन निघालो तर मामा मागून येत होता, बंडी उलटी. मी फळ्या सैल करू लागलो. त्यानं शेतातल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि थुंकला.

"खारा. वाईट झाला या लोकांचा. भात हाती आलेला." मग विचारलं, "कोन व्हता रे उघाडीवर?"

मी फळी उपसली. पाणी खाडीकडे धावलं.

"मी व्हतो, मामा."

त्यानं बोट बंडीला पुसलं. ओरडला नाही.

"मंग चल," म्हणाला. "घराघरान जाऊन पाया पडाया लागल. मी येतो संगती."

चिखलाच्या पायांनीच आम्ही गेलो. वेशीकडून पहिलं घर हाशाचं. तो ओट्यावर दात घासत होता. मामा त्याला म्हणाला, "हाशा, तू पन हय? बरा झाला, वलखीचा भेटलास. यो माजा भाचा. नवा हाय, चुकला. या गावाला सांग, पोटान घाल."

हाशानं त्याच्याकडे बघितलं, बंडीच्या शिवणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वाकलो. मग त्याच्या शेजारच्या घरी गेलो.