पडद्याची काठी

आईच्या कमरेतल्या मणक्यांमधली गादी सरकली तेव्हा आम्ही हिंदी मुलखात, इंद्रपुरीजवळ कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिच्या डाव्या पायात कळ उतरायची आणि ती भिंत धरून चालायची. कमरेतून वाकणं बंद, पुन्हा सरकली तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑपरेशनला आई जाम घाबरायची. पण दसरा तोंडावर आला होता, आणि आमच्या लाइनीतल्या मराठी घरांत आपट्याचं सोनं देऊन प्रत्येक थोरल्या माणसाच्या पाया पडायची पद्धत होती. त्यात घरात ग्वाल्हेरची आजी, म्हणजे आईची सासू. सुनेनं वाकून नमस्कार केला नाही की तिचा पारा चढायचा.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तोड काढली. आईच्या पाठीला उभा दांडा लावून त्या म्हणाल्या, "भाभीजी, कमर से नहीं, कूल्हे से झुकिए. सिर, पीठ और नीचे की हड्डी, तीनों डंडे से लगी रहें." म्हणजे कंबर न मोडता खुब्यातून वाकायचं आणि डोकं, पाठ, माकडहाड दांड्यापासून सुटू द्यायचं नाही.

आईनं घरी येऊन सरळ बैठकीतली पडद्याची काठी काढली. येणारेजाणारे बिनपडद्याच्या खिडकीतून डोकावायचे, तिला फिकीर नव्हती. एक हात मानेमागे, एक कमरेमागे, काठी घट्ट धरून ती आरशासमोर गुडघे दुमडत खाली जायची आणि दातओठ खात वर यायची. आई इतकी हट्टी आहे हे मला तेव्हा कळलं. मला तिचा भयंकर अभिमान वाटला.

दसऱ्याच्या सकाळी ती आजीसमोर ताठ पाठीनं, एक गुडघा टेकून खाली गेली.

"हे काय गं? नमस्कार करतेस की कुस्ती खेळतेस?"

आईनं काठी आणून सगळं समजावलं.

"माझ्या पाठीला लाव बघू," आजी म्हणाली.

काठी नुसती कुबडाला टेकली. डोकं कुठल्या कुठे पुढे राहिलं. आजीनं ताठ व्हायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"सगळ्या सासरच्यांच्या पाया पडण्यात गेली ही पाठ," ती म्हणाली. "तेव्हा मला कुणी काठी लावली नाही."

आईचं ऑपरेशन टळलं ते काठीमुळे, असं घरात सगळे म्हणतात. मी अर्धं श्रेय आजीला देते. त्या संध्याकाळी सोनं द्यायला बायका येऊ लागल्या, तेव्हा आजी ती काठी घेऊन दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"या, सोनं द्या, घ्या," ती प्रत्येकीला सांगत होती. "माझ्या सुनेला मात्र कुणी वाकवायचं नाही."