तांबडीचा एक पंख

भिंतीपलीकडून माझी धाकटी जाऊ म्हणत होती, "रविवारपर्यंत ती तांबडी या घरातून गेली नाही, तर मीच तिला खाटकाकडे नेऊन देते."

"ने की," भाऊजी म्हणाले. "जाताना मलाही ने."

मी माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं.

तांबडी म्हणजे कोंबडी. माझ्या या दिरांचं केस कापायचं दुकान, आणि घरामागे पाच कोंबड्या, दोन बदकं. बदकं गुणाची. टबाभोवती चिखल करायचा आणि भाऊजी दुपारी जेवायला आले की त्यांच्या मागे मागे डुलत चालायचं, एवढंच त्यांचं काम. एवढा मान भाऊजींना पोटच्या मुलांनीही दिला नाही. तांबडी मात्र रोज परसाची भिंत ओलांडून शेजारच्या नर्सबाईंची टोमॅटोची रोपं उकरायची. नर्सबाईंनी सांगून टाकलं होतं, आता एक रोप जरी गेलं तर नगरपालिकेत तक्रार करीन, मग सगळीच पाखरं उचलून नेतील.

एकीपायी सगळी जाणार, हे भाऊजींना कळत होतं. पण दिवसभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवणारा हा माणूस कोंबडीच्या मानेचा विषय निघाला की घामाघूम. मागे दोन भांडखोर कोंबडे खाटकाला द्यायची वेळ आली, तेव्हाही जाऊच गेली होती. भाऊजी दुकानात पुसलेल्याच कात्र्या पुसत बसले होते.

अंडीवाल्याने तोडगा सुचवला. "एकाच पंखाची लांब पिसं कापा. तोल जातो, उडता येत नाही. दुखतही नाही, नखं कापल्यासारखं."

भाऊजींनी उजवीकडची थोडी कापली. मागे सरकून, डोळे बारीक करून पाहिलं. डावी बाजू लांब दिसली. हाताला राहवेना. डावीकडची घेतली. मग उजवीकडे कणभर. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तेव्हाच थांबले. अर्ध्या तासात तांबडी भिंतीवर. तोल उत्तम.

"एक बाजू लांब ठेवून बाहेर कशी सोडू, वहिनी? माझ्या हातचं काम आहे ते."

"तिला कुठे लग्नाला जायचंय?" जाऊ म्हणाली.

शनिवारी तिनेच दुकानातलं पांढरं कापड आणलं, तांबडीला गुंडाळलं आणि उजवा पंख तेवढा बाहेर ठेवला. "कापा. दुसरी बाजू नाहीच असं समजा."

भाऊजींनी कापलं, कात्री माझ्या हातात दिली आणि मागे न बघता दुकानात गेले. तांबडीने भिंतीकडे झेप घेतली, हवेत गिरकी खाल्ली आणि थेट बदकांच्या टबात. बदकं दिवसभर तिला बोल लावत होती.

पिसं नवी आली की पुन्हा तेच कापड, तोच पंख. पुढे तांबडी अंडी देईनाशी झाली, तरी खाटकाचं नाव कोणी काढलं नाही. जाऊ म्हणायची, "एवढी मेहनत घेतलीय हिच्यावर, आता कुठे देऊ?"

उकरलेल्या रोपांची भरपाई म्हणून भाऊजी दर रविवारी नर्सबाईंना बदकाची चार अंडी नेऊन द्यायचे. ज्या रविवारी दुपारी ते वारले, त्या सकाळीही अंडी घेऊन निघाले. दमल्यासारखं वाटतंय म्हणाले, तर जाऊ म्हणाली, "उद्या द्या की."

"वाट बघत असतील."

नर्सबाईंनी एक अंडं हातात फिरवून पाहिलं. "हे जरा लहान आहे, दादा."

"पुढच्या वेळी मोठं आणतो," भाऊजी म्हणाले, आणि रिकामं भांडं घेऊन घरी आले.