हळदीला शंभरपैकी शंभर

पुसेगावच्या आमच्या मोठ्या काकूला हळदीच्या बेण्याचा भारी गर्व. लागवडीसाठी राखलेले ते जाड गड्डे ती कुणालाच देत नाही, भिंतीपलीकडच्या धाकट्या काकूला तर मुळीच नाही. हळद मागितली तर ओंजळभर, बेणं मागितलं की वाटाण्याच्या अक्षता.

मी नांदेडला जैवतंत्रज्ञान शिकते. मागच्या दिवाळीत काकूच्या हळदीचं एक पान नेलं, त्यातल्या डीएनएचा छोटा तुकडा वाचून घेतला आणि त्याची अक्षरं इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहात टाकली. तिथं जगातल्या कुणीही भर घालावी, कुणीही फुकट बघावं, आपला तुकडा इतरांच्या तुकड्यांशी ताडून पाहावा.

उन्हाळ्यात घरी आले तेव्हा काकूला ते मोबाइलवर दाखवलं. तिची हळद कुठकुठल्या देशांतल्या हळदींशी जुळत होती. अक्षरं इंग्रजी, पण आकडे काकूला येतात. जुळणीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शंभर, शंभर, शंभर.

"शंभरपैकी शंभर!" काकू ओरडली. "अगं माय, साऱ्या जगानं पास केली!"

मी समजवायला तोंड उघडलं, तोवर ती भिंतीपाशी पोचलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी धाकटी काकू पदराखाली ओला गड्डा घेऊन हजर. "माझ्याबी हळदीची परीक्षा घे. ह्यांच्याच हळदीला काहून शंभर?"

आता खरं सांगणं भाग होतं. एवढ्याशा तुकड्यात बहुतेक हळदी सारख्याच निघतात, धाकटीलाही शंभरच पडतील, असं मी दोघींना सांगितलं. मोठीचा चेहरा पार उतरला. मला फार वाईट वाटलं, पण क्षणभरच.

"सारखंच?" तिनं डोळे बारीक केले. "म्हंजे तुझ्या वावरात माझंच बेणं हाय. कवा नेलंस?"

"काकू, यावरून चोरी कळत नाही," मी म्हणाले. पण माझं ऐकतंय कोण! धाकटीनं मान खाली घातली होती.

"तुमी माहेरी गेला व्हता तवा," ती म्हणाली. "आमचं समदं सडलं व्हतं."

"मागायचं न्हाई?"

"दिलं असतं का?"

मोठी काकू खोटं बोलत नाही. "न्हाई," ती म्हणाली. मग माझ्या मोबाइलकडे हात केला. "ही पोरगी साऱ्या जगाला फुकट वाटून राहिली, अन् घरातल्या बाईला चोरावं लागलं."

ती आत गेली आणि गड्ड्यांनी भरलेलं टोपलं आणून धाकटीपुढं आदळलं.

"ने. अन् गावात सांग, ह्या खेपंला मागून नेलं."