झेफेरिनोची झाडं आणि आल्बानोचं पुस्तक

झेफेरिनोला लिहिता-वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी अंगठा. पण बाटल्यांची बुचं ज्या ओकाच्या सालीची होतात, ती साल सोलणारा त्याच्यासारखा माणूस आमच्या आलेंतेजू प्रांतात दुसरा झाला नाही. वीस वर्षं मी त्याच्याच टोळीत सोललेल्या साली रचत होते, तेव्हा हे ऐकीव नाही.

एका झाडाला दोघं लागतात, समोरासमोर, एकेक कुऱ्हाड घेऊन. घाव सालीपुरताच बसायला हवा. आत गेला की झाड जन्माचं अधू. म्हणून झेफेरिनो घावाच्या तालावर चार ओळी रचायचा, प्रत्येक झाडाच्या वेगळ्या. जोडीदार आल्बानोचा हात धसमुसळा, त्यामुळे ओळी त्यालाच उद्देशून असायच्या:

हळू रे आल्बानो, गाठ आहे डावी,
तुझ्या कुऱ्हाडीला जरा नजर असावी;
साल त्याची काढू, जीव त्याला ठेवू,
नऊ वर्षांनी पुन्हा सावलीत जेवू.

सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात आणि नऊ वर्षांनी परत येतात. झेफेरिनोला आकड्याची गरज नव्हती. खोडावर हात फिरवायचा आणि नऊ वर्षांपूर्वीचं कवन घडाघडा म्हणायचा, गाठीसकट.

"काका, अंग मोडत नाही का हो?" मी एकदा विचारलं.

"मोडतं की! पण ओळ जमली ना पोरी, की या उन्हातसुद्धा वाटतं आपण झाडाला सजवतोय. नाहीतर मी नुसता बैल."

आल्बानो शाळा शिकलेला. म्हणाला, "तू मेलास की सगळं जाईल रे. सांग, मी वहीत उतरवतो." दोन उन्हाळे, दुपारी पाव-ऑलिव्ह खाताना झेफेरिनो सांगत राहिला. काय खूश होता बिचारा!

पुढच्या वर्षी आल्बानो टोळीचा मुकादम झाला, आणि ऑगस्टच्या जत्रेत कवनांचं पुस्तक निघालं. झेफेरिनो इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला, मी त्याच्या शेजारी. आल्बानो व्यासपीठावर चढून वाचू लागला, "हळू रे झेफेरिनो, गाठ आहे डावी..."

नावंच उलटी केली होती मेल्यानं! ओळ लंगडत होती, तेही त्याला कळलं नाही. लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "काय काका, तीस वर्षं शिकताय, तरी हात बसला नाही होय?"

झेफेरिनो उभा राहिला. "कवनं माझी आहेत. आल्बानो, सांग ना यांना."

"थकलाय हो म्हातारा," आल्बानो लोकांना म्हणाला. "माझ्या तोंडून ऐकून ऐकून आता त्याला स्वतःचीच वाटतात."

तेव्हा झेफेरिनो माझ्याकडे वळला. "झुल्मिरा, तू होतीस ना तिथे? तू सांग, पोरी."

आल्बानोनंही माझ्याकडे पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात टोळीत कोणाला घ्यायचं, ते त्याच्या हातात होतं.

"मी लांब असायचे," मी म्हणाले. "मला काही नीट ऐकू यायचं नाही."

झेफेरिनो खाली बसला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मला काम मिळालं. झेफेरिनोही आला, पोट कुणाला चुकलंय? मी मुद्दाम त्याच्या झाडाजवळ साली रचायचे, एखादी ओळ कानावर पडेल म्हणून. तो माझ्याशी नीट बोलायचा, पाणी मागायचा, माझ्या मुलीची चौकशी करायचा. पण कुऱ्हाड हातात घेतली की तोंड बंद.