पोपडे न सुटलेली भिंत

नोकरीत खून, दरोडे, अपहरणं सगळं पाहिलं. पण निवृत्तीनंतर मन परत परत जातं ते एका घराच्या गिलाव्याकडे. स्टेशन डायरीत त्याची नोंद चार ओळींची असेल. मला मात्र ते दोन दिवस अजून जसेच्या तसे दिसतात.

मढ बेटाकडचं एक गाव आमच्या हद्दीत होतं. म्हणायला मुंबई, पण माणसं मासेमारीवर जगणारी, घरं बैठी, आणि कौल हललं किंवा भिंत चिरली की गावातल्याच गवंड्याला हाक मारायची रीत. कित्येक वर्षं तो मान एकाच म्हाताऱ्या गवंड्याकडे होता. मग एक तरुण ठेकेदार आला. अंधेरीत फ्लॅटची कामं केलेला, मोबाइलवर रंग आणि फरशा दाखवणारा, सांगितल्या दिवशी काम पुरं करणारा. बघता बघता गावातली दुरुस्तीची सगळी कामं त्याच्याकडे गेली.

एका सकाळी तो म्हातारा गवंडी स्वतःच ठाण्यात आला. मी तिथे वरिष्ठ निरीक्षक होतो. हात जोडून त्याने खबर दिली, "साहेब, त्या नव्या ठेकेदारानं सिमिटान खाडीचा पानी घातलाय. माजे समोरचे घराच्या भिंती बघा, लोणा लागलाय." खाऱ्या पाण्यात कालवलेल्या गिलाव्यातून काही आठवड्यांत मिठाची पांढरी पूड फुटते आणि पोपडे सुटतात, तो लोणा. मी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, चहा मागवला. तासाभरात त्या घराची मालकीण येऊन धडकली. मासे विकणारी विधवा बाई, मागे गावातल्या पाच-सहा जणी.

"साहेब, पोराचा लगीन तोंडावर आलाय न भिंती बघा कशा झडतान! त्याला आत टाका."

ठेकेदाराला बोलावून मी बाकावर बसवलं. तो रडकुंडीला आला होता. "सर, आई शपथ, टँकरचं गोडं पाणी वापरलंय. केस झाली तर माझी वाट लागेल ना! कोण घरात घेईल मला?"

खोटं नव्हतं ते. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला असता तर त्या पट्ट्यात त्याला पुन्हा कुणी थापी धरू दिली नसती. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. कालचा आलेला आणि जुन्यांना बाजूला सारून बसलेला, एवढंच मला त्याच्यात दिसत होतं.

त्याचं कारण माझ्याच ठाण्यात होतं. आमच्याकडे एक तरुण महिला उपनिरीक्षक बदलून आली होती. थोड्याच दिवसांत तिने दोन जुनी प्रकरणं उलगडली आणि उपायुक्तांनी भर बैठकीत तिचं नाव घेतलं. माझं नाव असं कुणी कधी घेतलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या आणि आतून जळत राहिलो. त्यानंतर तिला मी पासपोर्टच्या चौकश्या आणि मिरवणुकांचे बंदोबस्त देत गेलो. तिने कधी तक्रार केली नाही, याचाही मला राग यायचा.

त्या दिवशीही त्या घरी तिला नेलं ते पंचनामा लिहायला. जाणकार म्हणून म्हाताऱ्याला सोबत घेतलं, ही माझी कल्पना. तो एकेका भिंतीला बोटाच्या पेराने ठोकायचा, कान लावायचा, मान हलवायचा. ओटीची भिंत, स्वयंपाकघराची, माजघराची. हात लावताच पोपडा गळत होता. देवघराची भिंत तेवढी धड होती. तिच्यासमोर त्याने हात जोडले आणि पुढे गेला.

बाहेर येताच उपनिरीक्षक म्हणाली, "सर, बाबांनी देवघराची भिंत ठोकून पाहिली नाही."

"चांगली भिंत कशाला ठोकेल तो?"

"पाणी सगळीकडे खाडीचं असेल तर तीच एक चांगली कशी, सर? गवंड्याला तर आधी तेच नवल वाटायला हवं होतं."

"तू पंचनामा लिही," मी म्हणालो.

तिने लिहिला. जीपमध्ये मी तिच्या बोलण्यात खोट शोधत होतो. सापडेना, म्हणून आणखी चिडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठेकेदाराच्या मोबाइलमधले कामाचे रोजचे फोटो तारखेनुसार लावून माझ्यासमोर ठेवले. देवघराची भिंत चौथ्या दिवशी झाली होती. आदल्या दिवशीची खराब, नंतरच्या दिवशीची खराब. टँकर तोच, अंगणातलं पाण्याचं पिंपही तेच; म्हणजे बाकीच्या दिवशी पिंपात कुणीतरी मीठ मिसळत होतं. तिने ठेकेदाराला विचारलं, "पिंपापाशी कोण असायचं?"

"दुपारी आम्ही जेट्टीवर जेवायला जायचो, मॅडम. समोरच्या कट्ट्यावर बाबा असायचे ना, म्हणून निर्धास्त. रोज विचारायचे, आज कुठली भिंत रे? मला वाटायचं, मायेने विचारतायत."

आता माझ्यापुढे वाट उरली नव्हती. म्हाताऱ्याला बोलावून त्याच खुर्चीत बसवलं. आवाज चढवला नाही. एकच विचारलं, "बाबा, देवघराच्या दिवशी पिंपात मीठ का नाही टाकलंत?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "देवाची भिंत, साहेब. त्या बाईचा नवरा जिता होता तवा मी न त्यानं मिळून बांधलेली. ती भिंत कशी नासवू?"

"आणि बाकीच्या?"

"त्याबी माजेच हातच्या. घर नवा करायचा ठरला न एकदा तरी इचारायचा ना मना. नाय इचारला. मी समोर बसलेला न लोक येऊन बोलायचे, काय आरशासारखी भिंत केलीय! घशाखाली जेवान उतरत नव्हता माजे." मासे खारवायचं जाडं मीठ त्याच्या घरात पोत्याने होतं. रोज दुपारी थोडं थोडं पिंपात जात होतं.

आरोपीचं बोलणं इतकं नीट समजावं, असं माझ्या नोकरीत पुन्हा झालं नाही.

संध्याकाळी आम्ही त्याला त्या घरी नेलं. अंगणात गाव जमलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो ठेकेदारासमोर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "मीठ मी टाकला. यो पोऱ्या साफ हाय." मालकीण त्याला नाही नाही ते बोलली. ठेकेदारच मध्ये पडला. "मावशी, ते राहू दे. लग्नाआधी भिंती सोलायच्या आहेत." दुसऱ्या दिवसापासून म्हातारा हातोडा घेऊन स्वतःच्या हाताने गिलावा सोलायला लागला. बाईने तक्रार पुढे नेली नाही. आम्ही समजुतीची नोंद करून कागद बंद केले.

वरच्या कार्यालयात अहवाल गेला तो मी लिहिला होता. 'वरिष्ठ निरीक्षकांनी कौशल्याने केलेल्या चौकशीत निष्पन्न झाले', असं त्यात होतं. तिचं नाव फक्त पंचनाम्याखाली. टाइप करून तिनेच तो माझ्यापुढे सहीला ठेवला. मी सही केली. "येते, सर," म्हणून ती बंदोबस्ताला गेली. महिन्याभराने त्याच अहवालावर मला प्रशस्तिपत्र मिळालं.

मत्सर करणारा माणूस वाईटच असतो असं नाही, हे मी त्या गवंड्याकडून शिकलो. पण मत्सरापोटी केलेलं वाईट आपोआप निस्तरलं जात नाही; कुणासमोर तरी उभं राहून ते बोलावं लागतं. म्हाताऱ्याने ते भर अंगणात केलं. मला ते बोलायला निवृत्त होईपर्यंत जमलं नाही, आणि त्यानंतरही इतकी वर्षं गेली. म्हणून आज लिहितो: ती भिंत मी ओळखली नव्हती, त्या तरुण उपनिरीक्षकेने ओळखली होती.