सर्व्हरच्या खोलीतली माळ

वाघोलीच्या सोजरबाईंच्या हातची माळ भैरोबाच्या गळ्यात पडली की गुरवसुद्धा क्षणभर थांबून बघायचा. मोगऱ्याच्या कळ्या आदल्या संध्याकाळी गुंफलेल्या, पण सकाळच्या आरतीला अशा टवटवीत, की जणू आत्ताच खुडल्यात. बाया विचारायच्या, "आक्का, ओल्या फडक्यात गुंडाळता का?" सोजरबाई नुसत्या हसायच्या. सेवेतलं गुपित कुणी सांगतं का?

गुपित घराच्या तळमजल्यावर होतं. शेत बिल्डरला दिल्यावर लेक इंद्रजीतने तिथे सर्व्हरची खोली थाटली होती. आसपासच्या कॉलेजांची आणि दुकानदारांची सगळी माहिती तिथल्या यंत्रांत साठायची. यंत्रं तापू नयेत म्हणून एसी अखंड चालू. सोजरबाईंना यंत्रांतलं काही कळत नव्हतं, गारवा तेवढा कळला. रोज निजण्याआधी त्या माळेची परडी तिथल्या कोपऱ्यात ठेवून यायच्या.

यंदा वीज कंपनीची योजना निघाली. कमी वीज खाणारी यंत्रं घ्यायची, आणि मीटरवर बचत दिसली तर किमतीतला काही भाग परत मिळायचा. इंद्रजीतने कर्ज काढून यंत्रं बदलली. नव्यांना फार थंडावा लागत नाही, तेव्हा एसी सत्तावीसवरच राहील, कुणी हात लावायचा नाही, असं त्याने घरात बजावलं. सोजरबाईंनीही मान डोलावली. पण सत्तावीसवर मोगरा पहाटेपर्यंत पिवळा पडला. मग त्या परडी ठेवताना रिमोट दाबू लागल्या, अठराचा आकडा दिसेपर्यंत. देवासाठीच तर करतोय, आपल्यासाठी थोडंच?

एका सकाळी लवकरच तपासणीचा माणूस आला. मीटर पाहून म्हणाला, "यंत्रं उत्तम आहेत हो. पण रोज रात्री एसी जोरात चाललाय. बचत दिसत नाही, परतावा मिळायचा नाही."

तो गेल्यावर इंद्रजीत शहेजादकडे वळला. येरवड्याहून येणारा हा रात्रपाळीचा माणूस खोलीची राखण करायचा.

"झोप छान लागत असेल, नाही? महाबळेश्वरला खोली घेऊन दिली असती. स्वस्त पडलं असतं."

"दादा, एसी मी नाही वाढवला."

"मग कुणी, भैरोबाने? किल्ल्या ठेव आणि उद्यापासून येऊ नकोस."

सोजरबाई परडी न्यायला आल्या होत्या, त्या दारातच थिजल्या. शहेजादने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सोजरबाईंनी परडी उचलली आणि देवळाची वाट धरली.

देवळात गुरव म्हणाला, "आक्का, तुमची माळ कालची वाटतच नाही बघा."

रोज गोड लागणारे शब्द आज काट्यासारखे बोचले. सोजरबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. "आज दुसऱ्या कुणाची घाला," म्हणाल्या आणि आरतीला न थांबताच फिरल्या.

घरी शहेजाद आपली चादर आणि डबा पिशवीत भरत होता. इंद्रजीत फोनवर होता.

"ठेव तो फोन. एसी मीच लावत व्हते, इंद्रा. ह्या फुलांसाठी."

इंद्रजीतने फोन खिशात टाकला. "देवाला फ्रीज घेऊन दिला असता गं आई," एवढंच म्हणाला. मग खालमानेने शहेजादला, "चुकलं माझं. किल्ल्या उचल."

सोजरबाईंच्याने राहवेना. "तुला ठाव व्हतं का रं?"

"हो मावशी. परडी दिसायची ना. देवाचं काम म्हणून गप्प राहिलो. पहाटे मीच परत सत्तावीसवर आणायचो."

"मग मघाशी सांगितलं का न्हाईस?"

शहेजादने डबा पिशवीतून बाहेर काढून ठेवला.

"तुम्ही तिथंच उभ्या होतात, मावशी."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याने किल्ल्या उचलल्या आणि पाठ फिरवून कामाला लागला. सोजरबाई परडी घेऊन खोलीच्या बाहेर उभ्या राहिल्या. माळ अजून तशीच ताजी होती. ती कुठे ठेवावी, ते त्यांना कळेना.