सुया टोचल्यावर आई झोपली

मंडळी, दुपारपासून नुसती घालमेल चाललीय, म्हणून लिहितेय.

हरिहरेश्वरला आम्ही पर्यटकांना घरगुती जेवण देतो. रोज नारळ खवून खवून आईचा खांदा धरलाय, हात वर जाईना. आज तिला म्हसळ्याला अ‍ॅक्युपंक्चरला नेलं. डॉक्टरबाईंनी सुया टोचल्या आणि बजावलं, "अर्धा तास हलायचं नाही."

बाहेर माझ्या येरझाऱ्या. पाहुण्यांचे फोनवर फोन, "जेवण कधी मिळेल?" शेवटी आत डोकावले, तर खांद्यात सुया आणि आई चक्क घोरतेय! तिला दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आल्या आल्या ती पुन्हा खवणीवर. मी चिडलेच. "अगं, आराम सांगितलाय ना?"

"जातोय की हात वर आता. पाहुणे उपाशी हायत." मग हळूच म्हणाली, "परत कधी नेशील?"

"अजून दुखतंय?"

"न्हाय गं. तिथं कोण उठवत न्हाय."

खवणी मी ओढून घेतली खरी, पण उद्याचं काय? तुमची आई दिवसा शेवटची कधी झोपली होती, आठवतंय?